सणाचे पेय, सणाच्याच गावी: वर्षभराच्या परदेश प्रवासाची आखणी कशी करावी

काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीने आखून दिलेल्या कार्यक्रमानुसार आम्ही दोघे २६ डिसेंबरला जर्मनीतील न्युर्नबर्गला पोहोचलो. तेथील ख्रिसमसच्या बाजारात, लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाखाली उभे राहून वाफाळती ग्ल्यूवाइन, म्हणजे मसाले घालून गरम केलेली वाइन, प्यायची एवढ्या एका इच्छेने मी तो प्रवास स्वीकारला होता. मुख्य चौकात मात्र दुकानांचे लाकडी सांगाडे उतरवणे चालू होते. तो बाजार दरवर्षी २४ डिसेंबरच्या दुपारी बंद होतो, ही गोष्ट कंपनीने आम्हाला सांगितली नव्हती आणि मीही विचारून घेतली नव्हती.

त्यानंतर मी प्रवासाची आखणी उलट्या बाजूने करू लागले. स्वस्त तिकीट पाहून तारीख ठरवण्याऐवजी आधी सण, मग सुट्टी, मग व्हिसा आणि शेवटी तिकीट असा क्रम ठेवला. सणाचे पेय हे त्या सणाच्या नैवेद्यासारखे असते. त्याची बाटली एरवीही दुकानात मिळते, पण गुढीपाडव्याला कडुनिंबाची चटणी खाणे आणि ऑगस्टमध्ये ती खाणे यांत जो फरक आहे, तोच येथेही आहे. या क्रमाने आम्ही तीन वर्षांत चार देशांतील चार सण पाहिले. स्वतःच्या खर्चाने आणि मोजक्या रजेत प्रथमच असे वर्ष आखणाऱ्यांसाठी तो क्रम येथे मांडत आहे. उदाहरणासाठी सप्टेंबर २०२६ ते मे २०२७ हा काळ घेतला आहे. चारही प्रवास एकाच वर्षात करण्याचा अट्टहास धरू नये. पहिल्या वर्षी दोन पुरेसे आहेत.

१. आधी सणाची तारीख निश्चित करा

प्रत्येक सणाची तारीख ठरण्याची रीत वेगळी असते आणि बहुतेक चुका येथेच होतात.

काही सण इंग्रजी महिन्याच्या ठरलेल्या दिवशी येतात. जपानमधील हिनामात्सुरी हा मुलींचा सण ३ मार्चला असतो. घरात राजा, राणी आणि दरबाऱ्यांच्या बाहुल्या पायऱ्यापायऱ्यांवर मांडतात आणि आमाझाके हे तांदळाचे गोड, दाटसर पेय देतात. फिनलंडमधील वाप्पू हा वसंताचा सण ३० एप्रिलच्या संध्याकाळी सुरू होतो आणि १ मे रोजी भर दुपारी बागांमधून साजरा होतो. त्याचे पेय म्हणजे सिमा, अर्थात लिंबू आणि साखर किंचित आंबवून केलेले फसफसते सरबत.

न्युर्नबर्गच्या बाजाराची सुरुवात मात्र वारावर अवलंबून असते. ख्रिसमसपूर्वीच्या चार रविवारांना अ‍ॅडव्हेंटचे रविवार म्हणतात. त्यांतील पहिल्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी हा बाजार सुरू होतो. २०२६ मध्ये तो शुक्रवार २७ नोव्हेंबरला येतो.

दक्षिण कोरियातील चुसोक हा सुगीचा सण म्हणजे तिसरा प्रकार. तो चांद्र पंचांगातील आठव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला येतो. त्यामुळे इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. २०२५ मध्ये चुसोक ६ ऑक्टोबरला होता, तर २०२६ मध्ये तो २५ सप्टेंबरला आहे. मागील वर्षाच्या तारखेवरून अंदाज बांधून तिकीट काढणाऱ्याची येथे हमखास फसगत होते.

२. आपले पंचांग शेजारी उघडून बसा

हा टप्पा आम्ही पहिल्या वर्षी वगळला होता. चुसोक पौर्णिमेचा सण असल्याने तो आपल्याकडील भाद्रपद किंवा आश्विन महिन्यातील पौर्णिमेच्या आसपास येतो. २०२५ चा चुसोक कोजागरीच्या दिवशीच आला होता. २०२६ चा चुसोक थेट अनंत चतुर्दशीला येतो. ज्यांच्या घरी दहा दिवसांचा गणपती असतो, त्यांनी त्या वर्षी कोरियाचा विचार सोडलेला बरा. दीड दिवसाचा किंवा गौरींबरोबर विसर्जन होणारा गणपती असेल, तर मात्र वेळ सहज मिळतो. चुसोकच्या सकाळी कोरियन कुटुंबे पूर्वजांना नव्या तांदळाचे पदार्थ आणि फळे अर्पण करतात. आम्ही गेलो त्या वर्षी त्याच पौर्णिमेनंतर आपल्याकडे पितृपक्ष सुरू होणार असल्यामुळे ते दृश्य पाहताना मला परके असे काहीच वाटले नाही.

२०२६ मध्ये लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. त्यामुळे न्युर्नबर्गचा प्रवास दिवाळीनंतर निवांतपणे करता येतो. ३ मार्च २०२७ हा बुधवार आहे आणि होळी त्यानंतर बऱ्याच दिवसांनी येते. तरीही शाळकरी मुले असतील तर वार्षिक परीक्षांचे वेळापत्रक पाहूनच ठरवावे. १ मे तर महाराष्ट्र दिनाची सुट्टी. २०२७ मध्ये ती शनिवारी येत असल्याने ज्यांना शनिवारी एरवीही सुट्टी असते, त्यांना तिचा वेगळा लाभ होत नाही.

या सगळ्या तारखा एकाच मोठ्या कागदावर लिहाव्यात, आपले सण एका रंगात आणि परदेशातील सण दुसऱ्या रंगात. रजेचा अर्ज करण्यापूर्वी तो कागद घरातील सर्वांना दाखवावा.

३. पासपोर्टचा स्वतंत्र तक्ता करा

माणूस वर्षात चार प्रवास करू शकतो, पण पासपोर्ट एका वेळी एकाच देशाच्या व्हिसासाठी देता येतो. तो तिकडे असताना दुसरा अर्ज करता येत नाही आणि देशाबाहेर जाताही येत नाही. म्हणून पासपोर्ट कोणत्या आठवड्यात कोठे असेल, हे आधी लिहून काढावे. मी ते पुढीलप्रमाणे करते.

ऑगस्टच्या सुरुवातीला कोरियाचा अर्ज करावा. तेथून पासपोर्ट परत आल्यावर आणि चुसोकचा प्रवास झाल्यावर, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीचा शेंगेन अर्ज द्यावा. शेंगेन म्हणजे एकच व्हिसा चालणारा युरोपातील अनेक देशांचा गट. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून देता येतो आणि किमान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णय साधारणपणे १५ दिवसांत येतो, मात्र काही प्रकरणांत ४५ दिवसही लागू शकतात. अर्ज देण्यासाठी व्हिसा केंद्रातील भेटीची वेळ मिळण्यासच कित्येक आठवडे जातात, म्हणून ती ऑगस्टमध्येच आरक्षित करून ठेवावी.

जानेवारीच्या मध्यात जपानचा अर्ज करावा, आणि येथे घाई नडते. जपानचा एका प्रवेशाचा व्हिसा दिल्या तारखेपासून तीन महिनेच वैध असतो. मार्चच्या प्रवासासाठी उत्साहाने नोव्हेंबरमध्ये व्हिसा घेतला, तर तो विमानात बसण्यापूर्वीच संपतो. कोरियाच्या एका प्रवेशाच्या व्हिसालाही हीच मर्यादा आहे.

मार्चमध्ये जपानहून परतल्यावर लगेच फिनलंडचा शेंगेन अर्ज द्यावा. जर्मनी आणि फिनलंड दोन्ही शेंगेन क्षेत्रात असल्याने, ऑक्टोबरच्या अर्जातच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागावा आणि मे महिन्याचा आराखडाही सोबत जोडावा. तो मिळेलच याची खात्री नसते, म्हणून मार्चमधील भेटीची वेळ व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करू नये. ज्यांनी मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा घेऊन नियमानुसार वापरले आहेत, अशा भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकांना एप्रिल २०२४ पासून दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळण्याची तरतूद आहे. त्यासाठी पासपोर्टची वैधताही तेवढी शिल्लक असावी लागते.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, हा प्रश्न नवख्या प्रवाशाला हमखास पडतो. ज्या देशात सर्वाधिक रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे करावा. रात्री सारख्या असतील तर ज्या देशातून प्रथम प्रवेश होणार त्या देशाकडे. भेटीची वेळ लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज करणे आणि नंतर आराखडा बदलणे हा सल्ला अनेक जण देतात. तो मानू नये. सीमेवर मुक्कामाचे आरक्षण विचारले जाऊ शकते आणि पुढील अर्जावरही त्याचा परिणाम होतो.

४. कागदपत्रांची फाइल

चारही देशांसाठी बहुतांश कागद सारखेच असल्याने एकच फाइल तयार करून प्रत्येक वेळी अद्ययावत करावी.

- पासपोर्ट: शेंगेनसाठी तो मागील दहा वर्षांत दिलेला, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन कोरी पाने असलेला हवा. जुने पासपोर्टही सोबत ठेवावेत.
- छायाचित्रे: प्रत्येक देशाचे माप वेगळे असते. एकाच मापाच्या वीस प्रती काढून ठेवू नयेत.
- बँकेचे शिक्के असलेले खातेउतारे आणि प्राप्तिकर विवरणपत्रे.
- कार्यालयाचे रजा मंजुरीचे पत्र, त्यात प्रवासाच्या तारखा स्पष्ट असाव्यात. व्यवसाय असेल तर नोंदणीचे कागद.
- प्रवास विमा: शेंगेनसाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण अनिवार्य आहे.
- विमानाचे आणि मुक्कामाचे आरक्षण.
- दिवसवार आराखडा आणि प्रवासाचा हेतू सांगणारे पत्र. त्यात सणाचे नाव आणि तारीख लिहावी. प्रवास त्याच आठवड्यात का, हे त्यावरून अधिकाऱ्याच्या सहज लक्षात येते.

खात्यात अर्जाच्या आधल्या आठवड्यात अचानक मोठी रक्कम भरण्याची चूक करू नये. मुदत ठेवीची पावती जोडणे त्यापेक्षा बरे.

५. तिकिटे आणि मुक्काम

व्हिसा हाती येईपर्यंत रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे, मग ते थोडे महाग असले तरी चालेल.

चुसोकच्या सुट्टीत कोरियाची राजधानी सोल येथील माणसे आपापल्या मूळ गावी निघतात आणि रेल्वेची तिकिटे विक्रीला येताच संपतात. म्हणून त्या तीन दिवसांत शहर बदलू नये. सोलमध्येच राहावे, राजवाडे पाहावेत आणि सणाच्या दिवशी अनेक खानावळी बंद असतात हे गृहीत धरून आदल्या दिवशी खाण्याची तरतूद करावी. न्युर्नबर्गला शनिवार-रविवार टाळून सोमवार ते गुरुवार जावे. शनिवारी संध्याकाळी त्या चौकात पेला नीट धरायलाही जागा नसते. जर्मनीतीलच ड्रेस्डेन शहराचा १४३४ पासून चालत आलेला ख्रिसमस बाजारही त्याच प्रवासात जोडता येतो. फिनलंडची राजधानी हेलसिंकीत ३० एप्रिलची रात्र गोंगाटाची असते, त्यामुळे झोप प्रिय असलेल्यांनी बंदराजवळच्या चौकापासून दूर मुक्काम करावा.

६. तेथे गेल्यावर काय मागावे, काय विचारावे

पहिला प्रश्न मद्याचा. चारही देशांत मद्य न घेणाऱ्याला सणाचा पूर्ण आनंद मिळतो, मात्र नेमके शब्द ठाऊक हवेत.

न्युर्नबर्गला ग्ल्यूवाइनच्याच दुकानात किंडरपुन्श मिळते. ते फळांचा रस दालचिनी, लवंग आणि संत्र्याच्या सालीसह गरम करून केलेले असते आणि त्यात मद्य नसते. याउलट फलकावर ‘मिट शुस’ असे लिहिले असेल, तर त्या पेल्यात वरून रम किंवा दुसरे कडक मद्य घातलेले असते. थंडीत गरम वाइन सौम्य वाटते आणि दुसरा पेला नकळत संपतो, म्हणून आधी पोटात काही असावे. त्या भागाची खासियत म्हणून निळसर बेरीची ग्ल्यूवाइनही मिळते आणि मला ती साध्या लाल वाइनपेक्षा अधिक आवडली. चांगली ग्ल्यूवाइन उकळलेली नसते. अल्कोहोल ७८ अंशांना उकळू लागते, त्यामुळे तिला वाफ येईपर्यंतच तापवतात. उकळलेली असेल तर मसाल्यांचा कडवटपणा जिभेवर राहतो. पेय चिनी मातीच्या मगमध्ये देतात आणि त्याची अनामत रक्कम किमतीत धरलेली असते. तो मग परत केला की रक्कम परत मिळते, ठेवून घेतला तर तीच त्याची किंमत. मगवर वर्ष छापलेले असेल तर तो घरी आणण्याजोगा असतो. सुटे युरो जवळ ठेवावेत.

जपानमध्ये आमाझाके दोन प्रकारचे असते आणि दोन्हींचे नाव एकच. एक प्रकार कोजीपासून, म्हणजे तांदळावर वाढवलेल्या विशिष्ट बुरशीपासून करतात. शिजवलेल्या भातात ती मिसळून सुमारे ५५ ते ६० अंशांवर काही तास ठेवली की पिष्टाची साखर होते. त्यात वरून साखर घालावी लागत नाही आणि मद्यही नसते. दुसरा प्रकार साके, म्हणजे तांदळाचे मद्य, गाळून उरलेल्या चोथ्यापासून करतात. त्यात साखर मिसळलेली असते आणि थोडे अल्कोहोल असू शकते. ‘कोजी की कासू?’ एवढे दोन शब्द विचारले तरी उत्तर मिळते, कारण कासू म्हणजे चोथा. याच सणाचे शिरोझाके नावाचे पांढरे पेय मात्र खरोखरचे मद्य आहे. क्योतोच्या शिमोगामो मंदिरात ३ मार्चला गवताच्या छोट्या परडीत कागदी बाहुल्या ठेवून त्या प्रवाहात सोडतात. तो विधी पाहून झाल्यावर थंडीत हातात घेतलेली आमाझाकेची वाटी मला चारही प्रवासांत सर्वांत जवळची वाटते. तिची चव आपल्या तांदळाच्या खिरीकडे झुकते.

कोरियाचे सिक्ये थंड आणि गोड असते. मोड आणून वाळवलेल्या जवाच्या पाण्यात भात उबदार ठेवतात. भाताची शिते वर तरंगू लागली की ते तयार झाले असे समजतात. मोड आणलेल्या नाचणीचे सत्त्व ज्यांच्या घरी होते, त्यांना या गोडीचे मूळ लगेच कळेल. दुसरे पेय सुजोंगग्वा, हा दालचिनी आणि आल्याचा थंड काढा. त्यात वाळवलेले पर्सिमन फळ सोडतात. दोन्हींत मद्य नाही. बंद डब्यांतील सिक्ये वर्षभर दुकानात मिळते, पण सणाच्या आठवड्यात पारंपरिक बाजारात घरगुती पद्धतीचे मिळते आणि चवीला ते अगदी वेगळे लागते.

मधुमेह असलेल्यांनी ही चारही पेये घोटभरच घ्यावीत. सगळ्यांत साखर बरीच असते.

हेलसिंकीत ३० एप्रिलच्या संध्याकाळी विद्यार्थी बंदराजवळच्या हाविस अमांडा या पुतळ्याच्या डोक्यावर पांढरी टोपी घालतात. दुसऱ्या दिवशी काइवोपुइस्तो बागेत घराघरांतील माणसे चादरी अंथरून बसतात आणि सिमाच्या बाटल्या उघडतात. सोबत टिप्पालेइपा असते, म्हणजे तेलात गुंतागुंतीच्या धारा सोडून तळलेले पीठ. पाक न घातलेली जिलबी डोळ्यांसमोर आणावी. वर पिठीसाखर भुरभुरलेली असते. सिमात अल्कोहोल अगदी अल्प असते आणि ते मुलांनाही देतात. मे महिना म्हणून सुती कपडे नेऊ नयेत, त्या दिवशी बोचरे वारे असू शकते. आम्ही लोकरीची टोपी घालूनच सिमा प्यायलो.

७. परत येताना

भारतात येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला वाइन, बिअर आणि इतर मद्य मिळून दोन लिटर शुल्काशिवाय आणता येते. त्याहून अधिक असेल तर स्वतःहून विमानतळावरील सीमाशुल्काच्या लाल मार्गिकेत जाऊन जाहीर करावे. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यासाठी आणि पिण्यासाठी परवान्याची तरतूद आहे, तोही काढून ठेवावा.

नागपूर किंवा कोल्हापूरकडे पुढे विमानाने जाणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. परदेशातील विमानतळावर घेतलेली बाटली मुंबईपर्यंत मोहोरबंद पिशवीतून हातात येते. मुंबईत सीमाशुल्क तपासणी झाल्यावर पुढच्या देशांतर्गत विमानासाठी ती चेक-इन सामानात घालावी, अन्यथा सुरक्षा तपासणीत अडते. म्हणून मोठ्या बॅगेत थोडी जागा आणि दोन जुने टॉवेल राखून ठेवावेत.

माझे मत विचाराल तर बाटल्या आणूच नयेत. सिमा आणि घरगुती आमाझाके ही जिवंत पेये आहेत, ती प्रवासात आंबतात आणि झाकण उडवतात. त्याऐवजी न्युर्नबर्गहून ग्ल्यूवाइनच्या मसाल्याच्या पुड्या आणि जपानहून मोहोरबंद पाकिटातील कोरडी कोजी आणावी. खाद्यपदार्थांबाबत त्या वेळी लागू असलेले आयातीचे नियम आधी पाहावेत.

८. पुण्याच्या उन्हाळ्यात सिमा

चारांपैकी घरी करायला हेच सर्वांत सोपे. दोन लिटर पाण्यापैकी एक लिटर उकळून त्यात २०० ग्रॅम साखर आणि १०० ग्रॅम गूळ विरघळवावा. फिनलंडमध्ये तपकिरी साखर वापरतात, पण मला गुळाने रंग छान येतो असे वाटते. दोन मोठ्या लिंबांची वरची पिवळी साल किसून आणि पांढरा भाग काढून उरलेल्या चकत्या त्यात घालाव्यात. पांढरा भाग राहिला तर पेय कडू होते. उरलेले पाणी पिण्याजोगे आणि थंड असावे, ते ओतून मिश्रण कोमट झाले की पावाच्या यीस्टची जेमतेम चिमूट टाकावी. अधिक टाकल्यास यीस्टचाच वास येतो.

रात्रभर झाकून ठेवून सकाळी गाळावे. प्रत्येक बाटलीत एक चमचा साखर आणि पाच-सहा मनुका घालून पेय भरावे. काचेची बाटली वापरू नये, वायूच्या दाबाने ती फुटू शकते. प्लास्टिकची बाटली घ्यावी, वर चार बोटे जागा सोडावी आणि झाकण किंचित सैल ठेवावे. मनुका तळाशी असतात तोवर पेय तयार नसते, त्या वर आल्या की ते तयार झाले. एप्रिलअखेरच्या आपल्या उकाड्यात आंबण्याची क्रिया थंड देशापेक्षा पुष्कळ वेगाने होते, त्यामुळे बाटलीकडे दर दोन-तीन तासांनी पाहावे आणि मनुका वर आल्याबरोबर बाटली शीतकपाटात ठेवावी. माझ्या स्वयंपाकघरात सकाळी भरलेल्या बाटलीतील मनुका त्याच संध्याकाळी वर आल्या होत्या. आठवडाभरात पेय संपवावे आणि झाकण उघडताना बाटली मोरीत धरावी.

टिप्पालेइपाऐवजी मी शेजारच्या दुकानातून जिलबी आणते. १ मेच्या सकाळी झेंडावंदन करून आल्यावर आमच्या इमारतीतील मुले ती बाटली उघडण्याची वाट पाहत दाराशी उभी असतात.